नव्वद नंबरचं तेल आणि देवमासा

पुढच्या वेळी सिग्नलला ट्रकच्या मागे अडकलात की जरा खाली वाकून बघा. मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी गोळा दिसेल. तो डिफरन्शियल. त्यात काय घालतात, असं कुठल्याही गॅरेजात विचारा, उत्तर एकच मिळेल: "नव्वद नंबर." म्हणजे काय? तर जाड तेल. विषय संपला. मलाही तसंच वाटायचं. मग एका शनिवारी सहज वाचायला बसलो आणि भलत्याच ठिकाणी, म्हणजे थेट समुद्रात, जाऊन पोचलो.

आधी यंत्राबद्दल थोडं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक तरी फरफटणारच. यावरचा दातेरी चाकांचा तोडगा ओनेझिफोर पेकर या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी काढला आणि १८२८ साली पेटंट घेतलं. शिवाय या गोळ्याला आणखी एक काम असतं. इंजिनाकडून येणारा फिरता दांडा गाडीच्या लांबीत असतो आणि चाकांचा आस आडवा, त्यामुळे फिरणं काटकोनात वळवावं लागतं. ते काम क्राउन आणि पिनियन या जोडीचं. सगळी गोष्ट या जोडीपाशी घडते.

सुरुवातीच्या मोटारींत पिनियनचा आस क्राउनच्या बरोबर मध्यावर असायचा. दात एकमेकांवर बहुतांशी लोळत जायचे. साधं जाड तेल किंवा ग्रीस चालून जायचं.

मग गाड्या बुटक्या करायची टूम निघाली. तो फिरता दांडा खाली आणला तर तळ खाली येईल, पण त्यासाठी पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसवायला हवं. रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने १९२० च्या दशकात अशा तिरक्या जोडीचे दात कापायची यंत्रं केली आणि पॅकार्डने १९२६ च्या सुमारास ती जोडी आपल्या मोटारीत घातली. हिचं नाव हायपॉइड. गाडी बुटकी झाली, आवाजही कमी झाला. वर पिनियन जाडजूड करता येतं म्हणून ट्रकवाल्यांनाही ती पुढे आवडली.

पण फुकट काही मिळत नाही (सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको). हायपॉइडचे दात लोळता लोळता एकमेकांवर लांबीच्या दिशेने घासतातही. त्या दाबाखाली तेलाचा थर पिळून निघतो, लोखंडाला लोखंड टेकतं, आणि टोकं क्षणभर वितळून चिकटतात नि तुटतात. साधं तेल कितीही जाड घ्या, उपयोग नाही. म्हणून तेलात रसायन आलं. गंधक, क्लोरीन, शिशाचा साबण. दात तापले की गंधक लोखंडाशी संयोग पावून पृष्ठभागावर पातळ थर धरतो. घासला जातो तो थर, दात वाचतो. डब्यावरचं 'ईपी' म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, ते हेच. गिअर ऑइलला जो सडका वास येतो तो याच गंधकाचा.

आता देवमासा. हे गंधक तेलात नीट मुरून राहायला वाहक हवा. त्यात सगळ्यात सरस ठरलं स्पर्म व्हेलचं तेल. ते नेहमीच्या चरबीसारखं नसतं, रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते द्रवरूप मेण आहे. धातूला धरून राहतं, थंडीत लवकर गोठत नाही, तापल्यावर लवकर बिघडत नाही. दिव्यांत जाळायला रॉकेल आलं म्हणून देवमासा सुटला, असं आपण शाळेत ऐकतो. सुटला कसला! १९६० च्या दशकात जगभर वर्षाला वीस हजारांहून जास्त स्पर्म व्हेल मारले जात होते, आणि त्यांच्या तेलाचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे वंगणाचे कारखाने. अमेरिकन सरकार तर हे तेल युद्धोपयोगी मालाच्या राखीव साठ्यात ठेवायचं.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेल धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि आयात बंद झाली. रसायनवाल्यांची धावपळ उडाली. गंमत म्हणजे एक पर्याय वाळवंटात उभाच होता. अ‍ॅरिझोनाकडच्या होहोबा झुडपाच्या बियांतही असंच द्रवरूप मेण असतं, हे तिथल्या विद्यापीठात १९३३ सालीच कळलं होतं. पण झुडूप वाढायला वर्षं लागतात आणि कारखान्यांना थांबायला वेळ नव्हता. बाजी मारली कारखान्यात बनवलेल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांनी. होहोबा शेवटी शांपूच्या बाटलीत गेला.

आता पुन्हा त्या गोळ्याखाली येऊ. 'नव्वद' हा आकडा फक्त जाडी सांगतो, आणि तोही इंजिन ऑइलपेक्षा वेगळ्या मोजपट्टीवर: गिअरचं ९० साधारण इंजिनच्या ४०-५० इतकंच जाड असतं. रसायन किती, ते 'जीएल' पुढचा आकडा सांगतो. हायपॉइडला जीएल-५ लागतं. जीएल-४ मध्ये ईपी रसायन ढोबळमानाने निम्मं. म्हणून उरलंसुरलं 'नव्वद' डिफरन्शियलमध्ये ओतलं तर क्राउन हळूहळू खरवडला जातो आणि ट्रकवाल्याला कळतं ते आवाज यायला लागल्यावर, म्हणजे फार उशिरा. उलटही खरं. 'भारी आहे ना, मग घाला' म्हणून जीएल-५ गिअरबॉक्समध्ये घातलं तर त्यातलं गंधक सिंक्रोच्या पितळी रिंगांना खाऊ शकतं.

बाकी देखभाल सोपी. गाडी चालवून आणल्यावर, तेल गरम असताना काढा. तळाच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक लोखंडी गाळ दिसेल, तो चालतो. चकत्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर मेस्त्रीला थांबवा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नवीन भरताना बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत भरा, जास्त नको. वरची हवा जायची बारीक नळी चिखलाने बुजली तर आत दाब वाढतो, तेल सीलमधून चाकाकडे जातं आणि ब्रेकच्या लायनरवर पोचतं. घाटात उतरणाऱ्या ट्रकला याचा अर्थ काय, ते तुम्हीच ताडा.