हेब्रिडीज बेटांवरील तंबू आणि फिरती घरे

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या बाह्य हेब्रिडीज बेटांवर ‘क्रॉफ्ट’ नावाच्या लहान शेतजमिनी कसण्याची जुनी रीत आहे. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्ट कसणाऱ्या कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले. किनाऱ्यालगत शिंपल्यांच्या वाळूवर तयार झालेल्या सुपीक कुरणांना ‘मॅखर’ म्हणतात. तेथे गुरे चरतात, धान्य पिकते आणि टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. चाकाखाली ही पातळ हिरवळ फाटली की वारा उघडी वाळू उडवून नेतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेटांवर येणे सोपे झाले. १९९९ मध्ये बर्नरे आणि २००१ मध्ये एरिस्के ही बेटे समुद्रातील बांधरस्त्यांनी शेजारच्या बेटांना जोडली गेली. २००८ पासून फेरीबोटीचे भाडे कमी झाले आणि पर्यटकांच्या गाड्या वाढल्या. एकपदरी रस्त्यांवर समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागाही मुक्कामासाठी अडू लागल्या.

स्कॉटलंडच्या २००३ च्या भूसुधारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा, तंबू ठोकण्याचाही हक्क दिला. तो २००५ पासून अमलात आला. मात्र मोटारवाहने त्यातून वगळली आहेत. त्यामुळे चालत आलेला प्रवासी तंबू ठोकू शकतो, पण मोटरहोमला जमीनमालकाची परवानगी किंवा ठरवून दिलेला तळ लागतो. शौचालयाच्या टाकीतील मैलाही नेमलेल्या ठिकाणीच रिकामा करायचा असतो.