थोड्या वॅटचा भरदार आवाज

चवथीला घुमट वाजले की घर भरते. त्याला वीज लागत नाही. ग्रामोफोनचेही तसेच. सुईची बारीक थरथर कर्णा हवेला नीट पोचवी. १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग यांनी कागदी कोनाचा विजेवर चालणारा स्पीकर मांडला. त्या काळचे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर थोड्याच वॅटचे, म्हणून कमी विजेत मोठा आवाज हीच कसोटी. पॉल क्लिप्श यांनी तर खोलीच्या कोपऱ्यातील भिंतीच कर्ण्याला जोडून घेतल्या. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि ही विद्या मागे पडली.

हिशेब सोपा आहे: १ वॅटला ९० डेसिबल देणारा स्पीकर १० वॅट घेतो, तिथे १०० डेसिबलवाल्याला १ वॅट पुरतो.

डिचोलीच्या घरी मी अशी जोडी केली. पहिल्यांदा खर्ज घुमे. पेटीत आडवी पट्टी ठोकली, कापूस भरला, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. वडिलांना हळू ऐकू येत नाही, मोठे सोसत नाही. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरमधून अंतराळात गेली, तीच लावली. वडील शेवटपर्यंत ऐकत बसले. आवाज वाढव, असे एकदाही म्हणाले नाहीत.