टकरीचे नियम

कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की सोंगटी कोठे जाईल, याचा अंदाज आपल्या घरातील दहा वर्षांचे मूलही करते. तो अंदाज गणिताच्या भाषेत नेमका मांडताना मात्र युरोपातील थोर बुद्धिवंतांची मती कुंठित झाली होती. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर दोन घन गोळ्यांची टक्कर घडवून आणतात. त्यांनी तो जुना वाद जाणून घ्यावा, असे आम्हास वाटते.

इ. स. १६४४ मध्ये रने देकार्तने टकरीचे सात नियम प्रसिद्ध केले. सेमिनरीत देकार्त शिकविला जातो, पण हे नियम तेथे सहसा कोणी काढीत नाही. कारण त्यांतील बहुतेक चुकीचे आहेत! चौथा नियम म्हणतो, लहान वस्तू कितीही वेगाने येऊन स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली, तरी मोठी तसूभरही हलणार नाही. अनुभव याच्या अगदी उलट. हे देकार्तलाही ठाऊक होते. आपले नियम पूर्णतः कठीण आणि भोवतालापासून अलिप्त अशा वस्तूंचे आहेत, आणि अशा बाबतीत इंद्रियांपेक्षा बुद्धीवर अधिक विसंबावे, असे त्याचे उत्तर होते.

हॉलंडच्या क्रिस्तियान ह्युगेन्सने बुद्धीचेच शस्त्र त्याच्यावर उलटविले. संथ चालणाऱ्या नावेत एक माणूस दोन सारखे कठीण गोळे सारख्याच वेगाने एकमेकांवर आदळवितो. ते तितक्याच वेगाने माघारी फिरतात. नावेचा वेग गोळ्यांच्या वेगाइतकाच असेल, तर काठावरच्या माणसास काय दिसेल? एक गोळा स्थिर, दुसरा दुप्पट वेगाने येणारा. आणि टकरीनंतर येणारा थांबतो, स्थिर असलेला त्याचा सगळा वेग घेऊन निघतो. देकार्तचा सहावा नियम मात्र सांगतो की, अशा वेळी येणारा गोळा केवळ चतुर्थांश वेग देईल. घटना एकच, मग निकाल दोन कसे? १६६९ साली वॉलिस, रेन आणि ह्युगेन्स या तिघांचेही नवे नियम छापून आले.

१६८७ मध्ये लायब्निट्सने आणखी एक दोष दाखविला. वस्तुमान केसभर बदलले तर निकालही केसभरच बदलावयास हवा. देकार्तच्या नियमांत तो एकदम उडी घेतो. हा आक्षेप फादर निकोला मालब्रांश यांनाही लागू होता. ओरेटरी संघाचे हे धर्मगुरू देकार्तचे निष्ठावंत अनुयायी. त्यांनी १६९२ मध्ये टकरीच्या नियमांवर स्वतंत्र पुस्तिका काढली, आणि पुढे तीही सुधारली. कीर्ती मिळाल्यावर छापील शब्द बदलणे किती कठीण, हे लिहिणारेच जाणतात.

न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात मोजमापच दिले. दोरीला टांगलेले गोळे आदळवून, हवेचा अडथळा वजा करून त्याने पाहिले की, घट्ट वळलेले लोकरीचे गोळे सुमारे नऊ भाग वेगाने जवळ आले तर पाच भाग वेगाने दूर होतात. काचेचे सोळास पंधरा. हे उसळीचे प्रमाण निव्वळ तर्काने निघत नाही, मोजावेच लागते. विद्यार्थ्यास ते घरीही जमेल. एक मीटरवरून सोडलेला चेंडू ६४ सेंटीमीटर उसळला, तर प्रमाण ०.८, कारण उंची वेगाच्या वर्गानुसार बदलते.

संगणक स्वतः काही जाणत नाही. त्यास देकार्तचे नियम दिले तरी तो बिनतक्रार गोळे नाचवील, आणि पडद्यावरचे चित्र तितकेच देखणे दिसेल. शिवाय त्याची स्वतःची एक खोड आहे. तो काळ तुकड्यातुकड्यांनी मोजतो. सेकंदाला १० मीटर धावणारा बारीक गोळा प्रत्येक शंभराव्या सेकंदास तपासला, तर दोन तपासण्यांमध्ये तो १० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. मध्ये दोन सेंटीमीटर जाडीची भिंत असेल, तर तो तिच्या पलीकडे निघतो आणि टक्कर झालीच नाही असे ठरते. काळाचे तुकडे लहान करावे लागतात, किंवा टकरीचा क्षण आधीच गणिताने काढावा लागतो.

लायब्निट्सची कसोटी येथेही उपयोगी पडते. एक किलोचा गोळा आधी एक किलोच्या, मग १.०१ किलोच्या स्थिर गोळ्यावर समोरासमोर आदळवावा. दोन उत्तरांत मोठी तफावत आली, तर आज्ञावली पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासावी.