कापूस निघाला होता समुद्राकडे, नदीतून

सध्या आपल्याकडे माल वाहतुकीचा विषय निघाला की बोलणं सुरजागडच्या ट्रकांवर येतं. आष्टी–आलापल्ली रस्ता, धूळ, खड्डे, अपघात. हे बोलायलाच हवं. पण हा प्रश्न काल-परवाचा नाही. "या जंगलातला माल बाहेर कसा न्यायचा" याचा विचार सरकारं दीडशे वर्षांहून जास्त काळ करत आली आहेत. "या जंगलातल्या माणसाचा माल बाजारात कसा जाईल" हा विचार मात्र क्वचितच झाला. हा फरक समजायचा तर सिरोंचापासून सुरुवात करावी लागेल.

१८६०च्या दशकात इंग्रजांनी एक योजना हातात घेतली होती. हिंगणघाटचा कापूस वर्धा नदीतून खाली आणायचा, प्राणहितेतून गोदावरीत न्यायचा आणि तिथून थेट समुद्राला, काकीनाड्याच्या बाजूला. वाफेच्या बोटी, कालवे, बंधारे, सगळं कागदावर तयार होतं. योजना पूर्ण झाली असती तर आज महाराष्ट्राचं शेवटचं टोक म्हणून ओळखलं जाणारं सिरोंचा मोठ्या जलमार्गाच्या मधोमध असतं.

त्याआधी इथली वाहतूक बंजाऱ्यांच्या बैलांवर चालायची. पूर्व किनाऱ्यावरून मीठ वर यायचं, इथून कापूस-धान्य खाली जायचं. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या, असे शेकडो बैल, आणि महिनोन्‌महिने चाल. पावसाळा लागला की सगळं ठप्प. म्हणून मीठ महाग आणि कापूस स्वस्त. वाहतूक महाग असली की बाहेरून येणारी वस्तू महाग पडते आणि आपण विकतो ती स्वस्त जाते. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे. भामरागडच्या दुकानात बसून बघा.

मग इंग्रजांना एकदम घाई का झाली? मँचेस्टर. तिथल्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत होत्या. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, ते १८६५ पर्यंत चाललं. कापूस मिळेना. हिंगणघाटच्या कापसाचं नाव आधीपासून होतंच. आता तो लवकर आणि स्वस्तात बंदरावर पोचवायचा होता.

गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे सर आर्थर कॉटन या जलमार्गाचे मोठे पुरस्कर्ते. रेल्वेपेक्षा पाण्यातून वाहतूक स्वस्त, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. प्रत्यक्ष कामाची जबाबदारी कॅप्टन हेग यांच्याकडे आली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही योजना उचलून धरली.

अडचण होती खडकांची. नदीत तीन ठिकाणी मोठे खडकाळ अडथळे. पहिला खाली दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. देवलमरी म्हणजे आपल्या अहेरी तालुक्यातली. या प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून, बाजूने कालवा काढून, पाण्याचे दरवाजे बसवून बोटी पुढे न्यायच्या होत्या.

या कामासाठी सिरोंचाचं महत्त्व किती वाढलं बघा. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्याचा अप्पर गोदावरी नावाचा वेगळा जिल्हा केला आणि मुख्यालय ठेवलं सिरोंचाला. म्हणजे गडचिरोली जिल्हा व्हायच्या शंभराहून जास्त वर्षं आधी सिरोंचा हे जिल्ह्याचं ठिकाण होतं! तिथले डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड. सिरोंचा तालुक्यातल्या ग्लासफोर्डपेठा गावाच्या नावात हा इंग्रज अधिकारी अजून शिल्लक आहे.

पुढे काय झालं? दुम्मागुडेमला बंधारा आणि कालव्याचं बरंच काम झालं. वरची दोन्ही कामं अर्धवट राहिली. कारणं साधी होती. नदीत बोट चालेल एवढं पाणी वर्षातले काही महिनेच. कामाला मजूर मिळेनात, कारण वस्तीच विरळ. बाहेरून आणलेले मजूर तापाने आजारी पडायचे. खर्च वाढत गेला. तिन्ही अडथळे पार झाल्याशिवाय मार्गाचा पूर्ण उपयोग नव्हता. एका ठिकाणी जरी बोट रिकामी करून, माल बंडीत भरून, पुढे पुन्हा बोटीत चढवावा लागला, तर स्वस्त पाण्याचा सगळा फायदा तिथेच बुडतो. वाहतुकीचा मार्ग त्याच्या सगळ्यात वाईट तुकड्याएवढाच चांगला असतो.

आणि तेवढ्यात १८६७ ला मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला मुंबईचा रस्ता मिळाला. अमेरिकेतलं युद्धही संपलं होतं. १८७१ ला गोदावरीची योजना गुंडाळली. १८७४ ला अप्पर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं. जिल्ह्याचं मुख्यालय तहसील होऊन बसलं.

इथे थोडं थांबून विचार करा. कापूस दुसऱ्या वाटेने गेला, पण सिरोंचाची माणसं तर तिथेच होती ना? त्यांना मीठ लागत होतं, औषध लागत होतं, त्यांचं धान्य विकायचं होतं. पण मार्ग त्यांच्यासाठी आखलाच नव्हता. मालाची गरज संपली आणि मार्गाची गरजही संपली.

रेल्वेच्या बाबतीत हेच झालं. वर्ध्याहून रूळ हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला आले ते कोळशासाठी. वरोऱ्याची खाण १९०६ ला बंद झाली, बल्लारपूरला नवी निघाली, रूळ तिकडे सरकले. दुसऱ्या बाजूने बंगाल नागपूर रेल्वेची नॅरोगेज नागभीडवरून १९१३ पर्यंत चांदा फोर्टला आली. एका शहरात दोन स्टेशनं, चंद्रपूर आणि चांदा फोर्ट. बाहेरगावच्या माणसाला त्याचं नवल वाटतं, पण ही दोन वेगळ्या मार्गांची दोन टोकं आहेत. १९२९ च्या सुमारास काझीपेठ–बल्लारशा जोडलं गेलं आणि दिल्ली–मद्रास सरळ वाट झाली. बल्लारशा देशाच्या नकाशावर आलं.

आणि वैनगंगेच्या पलीकडे? फक्त वडसा. १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हाही जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणजे वडसाच. वडसा–गडचिरोली ही जेमतेम ५२ किलोमीटरची लाइन २०११-१२ ला मंजूर झाली. त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोरगं आज कॉलेजात आहे. गाडी अजून गडचिरोलीत आलेली नाही.

जंगलातून माल जायचा थांबला होता का? अजिबात नाही. आलापल्लीचं सागवान गेलं. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ चा, त्याला बांबू गेला. २०२३ ला अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, बल्लारपुरात मोठी मिरवणूक निघाली, आपण सगळ्यांनी फोटो काढले. या मालाला कधी वाट कमी पडली नाही.

वाट अडली ती गावकऱ्याच्या मालाची. आणि इथे अडथळा खडकाचा नव्हता, कागदाचा होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ ला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा, असं कायदा सांगत होता. पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखात्याच्या हातात. हक्क आहे, माल आहे, घेणारा आहे, रस्ताही आहे, फक्त पास नाही! २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. बांबूची गाडी गावाच्या सहीने गावाबाहेर जावी, यासाठी एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री लागले. या भागातली वाहतूक समजून घ्यायची असेल तर ही गोष्ट विसरू नका.

हे फक्त आपल्याच नशिबी आलं असंही नाही. पूर्व आफ्रिकेतला युगांडा बघा. समुद्र नाही. सगळा व्यापार केनियाच्या मोंबासा बंदरावरून, अकराशे किलोमीटरहून लांब. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, हजारो तिथेच मेले. १८७१ ला गोदावरीवर हात टेकणाऱ्या साम्राज्याने आफ्रिकेत मात्र लाइन पूर्ण केली, कारण तिथे त्यांना सत्ता टिकवायची होती. आज केनियाने नवी मोठी रेल्वे बांधली, पण तीही युगांडाच्या सीमेपर्यंत पोचलेली नाही. पुढे बहुतेक ट्रकच.

ट्रकच्या धंद्यातली मेख एकच, परतीचं भाडं. गाडी भरून गेली आणि रिकामी आली, तर दोन्ही फेऱ्यांचे पैसे एकाच मालावर बसतात. आता आपल्या रस्त्यावर उभं राहून बघा. खनिजाची गाडी भरून जाते, रिकामी येते. किराण्याची गाडी भरून येते, रिकामी जाते. टिप्परमध्ये किराणा भरता येत नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी रिकाम्या गाड्या पळतात आणि त्याचा खर्च एटापल्लीचा गिऱ्हाईक तेल-साखरेच्या भावात भरतो. गावातला धान, मोहफूल, हिरडा साठवायला गोदाम असतं, एकत्र विकायची सोय असती, तर किराण्याची गाडी रिकामी गेली नसती. उलट आधारभूत केंद्रांवर धान उघड्यावर पडून भिजल्याच्या बातम्या आम्हीच दरवर्षी लिहितो.

आता सुरजागड. खाणपट्टा २००७ चा. काम सुरू झालं २०१६ ला, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी पाऊणशेहून जास्त गाड्या जाळल्या. २०२१ ला पुन्हा सुरू. २०२३ ला वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांची परवानगी. एवढा माल त्याच रस्त्यावरून. मग २०२५ ला हेडरी ते कोनसरी अशी ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. लोहखनिजाची पूड पाण्यात कालवून नळातून पाठवायची. यातून ट्रक कमी होणार असतील तर कोणीही स्वागतच करेल, मीही करतो.

पण मला १८७१ आठवतं. नळातून धान जात नाही. नळातून बाळंतीण जात नाही. आजवर रस्ता दुरुस्त करा म्हणताना आपल्याकडे एक जोर होता, की रस्ता बंद पडला तर खनिजही बंद पडेल. उद्या खनिजाला स्वतःची वाट मिळाल्यावर हा जोर उरणार आहे का? पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. सिरोंचाचा माणूस २०१६ च्या गोदावरी पुलावरून तेलंगणात जातो, कारण गडचिरोली त्याला दोनशे किलोमीटर दूर आणि रस्ता असा.

गंमत म्हणजे २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या १११ जलमार्गांच्या यादीत वैनगंगा–प्राणहितेचंही नाव आहे. म्हणजे कॅप्टन हेगच्या नदीला पुन्हा कागदावर जागा मिळाली!

म्हणून येत्या काळात कुठलाही नवा मार्ग जाहीर झाला, रेल्वे असो, महामार्ग असो की जलमार्ग, टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. यावर थांबे कुठे आहेत? आमचा माल यात चढणार का? आणि ज्या मालासाठी हा मार्ग होतोय तो संपला, तर मार्गाची देखभाल कोण करणार?

आमदार-खासदार गावात आले की हे विचारा. लेखी उत्तर मागा. सिरोंचाने उत्तर न मागता दीडशे वर्षं वाट बघितली आहे.