बोटांचा भाव आणि गोल करवत



कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने घरातील सुतारकामाच्या खोलीवर व्याख्यान द्यावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांची जातच बदलली आहे. पूर्वी लोक बोनसाविषयी विचारीत. आता निवृत्त गृहस्थ, संगणकाच्या कचेरीतले तरुण, एखादे डॉक्टरसुद्धा विचारतात, "गॅलरी बंद करून सुतारकामाची खोली केली आहे, टेबल सॉ कोणता घेऊ?" लाकडाच्या वखारींतून माझी ऊठबस, तेव्हा मला ठाऊक असेल असा त्यांचा समज. हा छंद मला मनापासून आवडतो. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याला संध्याकाळी रंधा हाती घ्यावासा वाटतो, ही चांगलीच खूण आहे. मात्र त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मोटरीच्या अश्वशक्तीपासून सुरू होत नाही. ते लंडनमधल्या एका दंगलीपासून सुरू होते.

त्या काळी इंग्लंडात मोठे ओंडके खड्ड्यावर आडवे टाकून चिरीत. एक माणूस वर ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. दोघांच्या हाती एकच लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. चार्ल्स डिंग्ली नावाच्या व्यापाऱ्याने लाइमहाउस येथे वाऱ्यावर चालणारी करवतगिरणी उभारली, तेव्हा या माणसांची मजुरीच जाणार असे दिसू लागले. 1768 च्या मे महिन्यात सुमारे पाचशे करवतकऱ्यांनी ती गिरणी मोडून टाकली. अशा लोकांना अडाणी म्हणण्याची इतिहासकारांत प्रथा आहे. मला ती पटत नाही. भुसा त्यांच्याही डोळ्यांत जात होता. पण त्याच भुशावर त्यांची चूल पेटत होती. ते काही असो. पार्लमेंटाने पुढच्याच वर्षी, 1769 साली, गिरण्या मोडणाऱ्यांना कठोर शिक्षा देणारा कायदा केला. यंत्राला संरक्षण मिळायला एक वर्ष लागले, एवढे ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला याच्याशी एक हिशेब जुळवायचा आहे.

डिंग्लीच्या गिरणीतली करवत सरळच होती, खालीवर होणारी. गोल करवत थोडी नंतरची. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने 1777 साली घेतलेल्या पेटंटात तिचा उल्लेख सापडतो. अमेरिकेत मात्र तिचे श्रेय शेकर पंथातील टॅबिथा बॅबिट या बाईंना देतात. दोन पुरुषांना खेचाखेच करताना पाहून, परतीच्या खेपेत करवत काहीच कापत नाही हे बाईंच्या लक्षात आले आणि 1813 च्या सुमारास त्यांनी दाते चाकावर बसवले, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे, पण मिलरचा कागद तिच्याआधीचा आहे.

या करवतीने काय घडवले ते पाहायचे तर पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत जावे लागते. शिडाच्या जहाजांना दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या हजारांनी लागत. मार्क ब्रुनेलने त्यांसाठी यंत्रांची मालिका आखली, हेन्री मॉड्स्लेने ती घडवली आणि सॅम्युएल बेंथम यांनी सरकारदरबारी तिचा पाठपुरावा केला. 1808 पर्यंत तेथे वर्षाला 1 लाख 30 हजार कप्प्या निघू लागल्या. 110 कुशल कारागिरांचे काम 10 अकुशल माणसे करू लागली, असे सांगतात. इतिहासाची पुस्तके या आकड्यापाशी थांबतात. मला त्या दहा माणसांविषयी कुतूहल आहे. त्यांच्या हातात कसब राहिले नव्हते. ते यंत्रात गेले होते. आणि ज्याच्या हातात कसब नाही त्याच्या हाताची किंमतही कमी धरली जाते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

आता गोल करवतीचा स्वभाव समजून घेऊ. घरात यंत्र आणणाऱ्याने हा भाग नीट ऐकावा. टेबलाच्या फटीतून पाते वर आलेले असते. आपल्याकडच्या बाजूचे दाते खाली उतरतात, ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडच्या बाजूचे दाते मात्र वर चढत असतात. लाकूड चिरले जाताना त्यातला ताण मोकळा होतो आणि चीर मिटू पाहते. किंवा लाकूड पाते आणि बाजूची मार्गदर्शक पट्टी यांच्यात अडकते. मग ते मागचे दाते त्याला पकडतात, उचलतात आणि उभ्या माणसाच्या अंगावर फेकतात. दहा इंची पाते मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर दात्यांचा वेग तासाला 190 किलोमीटरच्या घरात जातो. पात्यापलीकडे लाकडावर हात असेल तर तो लाकडाबरोबर मागे, म्हणजे पात्यावर ओढला जातो. बोट कोणी मुद्दाम करवतीत घालीत नाही. मालक "बेपर्वाई" लिहितो तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

यावरचा उपाय फार साधा आहे. पात्याच्या मागे, दात्यांना लगटून, एक वक्र पोलादी पट्टी उभी करायची. ती चिरेत शिरते आणि चीर मिटू देत नाही. इंग्रजीत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. मी आपला तिला फाकपट्टी म्हणतो. 1922 साली ब्रिटनमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी खास नियम झाले. त्यांत वरचे झाकण, टेबलाखालची आडोशाची पत्रे आणि ही फाकपट्टी सक्तीची झाली. पट्टी दात्यांपासून अर्ध्या इंचाहून दूर नको, इतका बारकावा त्यात होता. यंत्रांना कुंपण घालण्याची कलमे त्याआधी, 1844 पासून, कापडगिरण्यांच्या कायद्यात येऊ लागली होती हे खरे. तरीही करवतीवर खास नियम यायला 1922 उजाडले. आता मघाचा हिशेब जुळवा. गिरणीसाठी एक वर्ष, बोटांसाठी दीडशे.

आपल्याकडे 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. मी इंग्रजी शिकलो ते बरेचसे याच कायद्याच्या पुस्तकातून. त्याच्या सुधारलेल्या परिशिष्टात बोटांचे कोष्टक आहे: अंगठा गेला तर मिळकतीची कुवत 30 टक्के कमी झाली असे धरायचे, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. रेघ मारताना पेन्सिल धरायची ती तर्जनीनेच. तिच्याशिवाय सुतार 86 टक्के सुतार राहतो, असे हे गणित! पण हे गणित हाती येण्यासाठीसुद्धा नोकरीचा पुरावा लागतो, आणि लहान वखारींत हजेरीबुकच नसे. 1948 च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असतील तरच तिला कारखाना मानले; 2020 च्या संहितेत तो आकडा वीस झाला. चार माणसांच्या कापखान्याला या मापात कारखाना म्हणतच नाहीत.

घरातली करवत तर याहून बाहेर. ती घरात शिरली अमेरिकेत, लहान विजेच्या मोटरी स्वस्त झाल्यावर. मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने 1930 नंतरच्या मंदीच्या दशकात हौशी माणसाला परवडतील अशी यंत्रे विकली. 1947 च्या सुमारास हान्स गोल्डश्मिट याचे शॉपस्मिथ आले; एकाच सांगाड्यावर करवत, चरक आणि भोक पाडण्याचे यंत्र. कारखान्याचे यंत्र घराचा उंबरा ओलांडून आत आले, पण कारखान्याचा निरीक्षक मात्र बाहेरच राहिला. ब्रिटनने 1922 साली सक्तीची केलेली फाकपट्टी अमेरिकेतल्या नव्या टेबल सॉंवर सर्रास दिसू लागली ती 2008 नंतर. तेथे या यंत्रांमुळे वर्षाला तीस हजारांच्या आसपास जखमी होतात, असा त्यांच्या सरकारी आयोगाचा अंदाज आहे.

स्टीव्ह गॅस नावाच्या एका पदार्थविज्ञान शिकलेल्या पेटंट वकिलाने 1999 साली यावर युक्ती काढली. माणसाच्या शरीरातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून ती फारशी वाहत नाही. पात्याला बोट लागताच हा फरक ओळखून अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसवायचा. एका सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात पाते थांबते, नुसता ओरखडा उठतो. मोठ्या कंपन्यांनी ते घेतले नाही, म्हणून त्याने सॉस्टॉप ही आपलीच कंपनी काढून 2004 पासून यंत्रे विकली. 2003 साली त्याने ही युक्ती सक्तीची करा असा अर्ज आयोगाकडे केला. तो 2023 साली सुधारित मसुद्यापर्यंत पोचला होता! अर्थात हा शोधक काही संत नव्हे. बॉश कंपनीने तसेच यंत्र काढले तेव्हा त्याच्या कंपनीने पेटंटाच्या जोरावर 2017 मध्ये त्याची अमेरिकेतली आयात बंद पाडली. त्या भांडणात किती बोटे गेली ते कोणत्याही कोष्टकात नाही. 2024 साली, सक्तीचा नियम झाल्यास एक महत्त्वाचे पेटंट सर्वांना खुले करू, असे त्या कंपनीने जाहीर केले.

तर गॅलरीतल्या त्या गृहस्थांना मी काय सांगतो? असे स्वतः थांबणारे यंत्र परवडत असेल तर जरूर घ्यावे. नसेल तर आधी जागा मोजावी: आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे हवेत. गॅलरीत ते बसत नाही, तेव्हा पुष्कळांना हातकरवत आणि रंधा यांवरच सुरुवात करणे बरे. बारीक भुसाही निरुपद्रवी नव्हे. लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवून आता तीस वर्षे झाली, तेव्हा धूळ ओढणारे यंत्र आणि मुखपट्टी हवीच. हातमोजे मात्र नकोत, ते दात्यांत अडकतात. बटण असे हवे की दोन्ही हात लाकडावर असताना गुडघ्याने बंद करता येईल. लाकूड ढकलायला खाचेची काठी टेबलाला टांगलेलीच असावी. आणि दुकानात खोके उघडायला लावून फाकपट्टी पात्याबरोबर वरखाली होते की नाही, हे स्वतः फिरवून पाहावे. दुकानदार सांगेल, "साहेब, ती कामात अडते, सगळे काढूनच ठेवतात." त्याच्या दुकानातला करवतीवरचा माणूस असेल, तर त्याचे हात पाहून घ्या.