‘क्लॅरिसा’ आणि तिचे अधीर वाचक

संपलेल्या कादंबरीविषयी बोलणे निराळे आणि चालू असलेल्या कादंबरीविषयी बोलणे निराळे. पुस्तक मिटून ठेवल्यावर आपण न्यायासनावर बसतो. त्यातील माणसांचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते आणि आपल्या हाती केवळ अभिप्राय देणे उरते. परंतु पुस्तक अर्ध्यावर आलेले असताना वाचकाची अवस्था लग्न ठरू घातलेल्या घरातील माणसासारखी असते. तो बोलतो, चिडतो, सल्ले देतो, आणि आपल्या बोलण्याने काही फरक पडेल अशी एक वेडी आशाही मनात बाळगतो. ही आशा वेडी खरीच. पण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात एकदा असा काळ आला होता की, ती सर्वस्वी वेडी नव्हती. कादंबरी छापून होत होती, पुढील भाग अद्याप यावयाचा होता, आणि ग्रंथकार लंडनमध्ये राहून पत्रांची उत्तरे देत होता.

हा विषय सुचण्यास कारण घरचेच आहे. गेल्या आषाढापासून आमच्या येथे रात्रीच्या जेवणानंतर सॅम्युअल रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’चे वाचन चालू आहे. महाविद्यालयात मी या ग्रंथावर पुष्कळ वर्षे व्याख्याने दिली. परंतु खरे सांगावयाचे तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तो मी यापूर्वी दोनदाच वाचला होता. पाचशे सदतीस पत्रांची ही कादंबरी आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथावर संपूर्ण न वाचता बोलणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत, व क्वचित् आरशातही पाहिले आहेत. घरी मी वाचतो, आणि मातुःश्रींना इंग्रजी येत नसल्यामुळे मधून मधून अर्थ मराठीत सांगतो. सूनबाईंची एकच अट आहे : शेवट सांगावयाचा नाही.

कथानक थोडक्यात असे. क्लॅरिसा हार्लो ही एका श्रीमंत घरातील धाकटी मुलगी. आजोबांनी आपली इस्टेट तिच्या नावे करून ठेविली, आणि तेथूनच भावाबहिणींचा मत्सर सुरू झाला. सोम्स नावाचा एक किळसवाणा पण धनाढ्य गृहस्थ तिच्यासाठी निश्चित केला जातो; ती नको म्हणते; घरातील लोक तिला खोलीत कोंडतात. याच घराचा शत्रू, लव्हलेस नावाचा देखणा, बुद्धिमान आणि स्त्रियांच्या बाबतीत बेइमान असा तरुण, तिला सोडविण्याच्या मिषाने बागेच्या दारापर्यंत आणतो आणि फसवून पळवून नेतो. पुढील सारी कथा त्या दोघांची आहे. क्लॅरिसा आपल्या मैत्रिणीस, अॅना हाऊ हिला, पत्रे लिहिते. लव्हलेस आपल्या मित्रास लिहितो. आणि वाचक दोन्ही पत्रे वाचतो. लव्हलेस काय कारस्थान रचीत आहे हे वाचकास ठाऊक असते, क्लॅरिसेस ठाऊक नसते. शिवाय प्रत्येक पत्र त्या त्या क्षणी लिहिलेले असल्यामुळे उद्या काय होणार हे लिहिणाऱ्यासही माहीत नसते.

‘क्लॅरिसा’ एकदम प्रसिद्ध झाली नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास पाहिजे. पहिले दोन खंड १७४७ च्या डिसेंबरात निघाले, पुढील दोन १७४८ च्या एप्रिलात, आणि अखेरचे तीन त्याच वर्षीच्या डिसेंबरात. चौथ्या खंडाच्या शेवटी क्लॅरिसा लव्हलेसच्या तावडीत आहे. सुटका होईल की सर्वनाश, काहीच ठरलेले नाही. आणि येथे वाचकास सुमारे आठ महिने थांबावयाचे होते. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागली, तेव्हा यमूची कहाणी ऐकणाऱ्या घरांनी हाच अनुभव आठवड्याच्या मापाने घेतला. मात्र आठवडा आणि आठ महिने यांत फरक आहे. आठवड्यात माणूस उत्सुक राहतो. आठ महिन्यांत त्याचे मत बनते, ते दुसऱ्याच्या मताशी भांडते, आणि शेवटी तो कागद पुढे ओढून ग्रंथकाराला पत्र लिहावयास बसतो.

रिचर्डसन हा अशा पत्रांस उत्तर देणारा माणूस होता. त्याचा जन्म १६८९ चा. धंद्याने तो मुद्रक. फ्लीट स्ट्रीटजवळ सॅलिस्बरी कोर्टात त्याचा छापखाना होता. पन्नाशी उलटल्यावर, १७४० साली, ‘पामेला’ने तो एकाएकी ग्रंथकार म्हणून गाजला. लहानपणी, तेरा वर्षांचा असताना, शेजारच्या मुली आपापल्या प्रियकरांस पाठवावयाची पत्रे त्याच्याकडून लिहवून घेत असत. स्त्रियांच्या पत्रांचा हा नाद त्याला जन्मभर पुरला. आपले हस्तलिखित छापण्यापूर्वी तो मित्रमंडळींत फिरवी, त्यांचे अभिप्राय मागवी, आणि बहुधा त्यांपैकी एकही मानीत नसे. या फिरविण्याचा परिणाम असा झाला की, कादंबरीचा शेवट दुःखाचा आहे ही बातमी पुस्तकाच्या आधीच बाहेर फुटली.

वाचक त्या दिवसांत काय बोलत होते याचे एक दुर्मिळ चित्र आपल्याला उपलब्ध आहे. सेरा फील्डिंग या लेखिकेने १७४९ मध्ये ‘क्लॅरिसा’वर एक छोटे पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. त्यात तिने टीका अशी लिहिलीच नाही. काही स्त्रीपुरुष एकत्र जमून ही कादंबरी वाचीत असताना जी चर्चा करतात, ती तिने लिहून काढिली. कोणास कथा फार लांबलेली वाटते, कोणी म्हणतो मुलगी हट्टी आहे, दुसऱ्याला ती थंड वाटते. मिस गिब्सन नावाची एक तरुणी तिची बाजू घेऊन भांडते. नवे खंड येतात तशी मते बदलतात, आणि पूर्वी नाके मुरडणारा एक गृहस्थ शेवटी पूर्णपणे वळतो. वाचकांच्या बदलत्या मनाचा असा आलेख त्यापूर्वी कोणी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मौज अशी की, या लेखिकेचा भाऊ हेन्री फील्डिंग याने ‘पामेला’ची १७४१ मध्ये यथेच्छ टवाळी केली होती. त्यानेच १७४८ च्या ऑक्टोबरात, पाचवा खंड प्रसिद्धीपूर्वी हाती आल्यावर, रिचर्डसनला पत्र लिहून आपले हृदय किती हेलावले हे मोकळेपणाने कळविले. प्रतिस्पर्ध्याची अर्धी कादंबरी वाचून असे पत्र लिहिण्यास मोठे मन लागते.

त्याच महिन्यात आणखी एक पत्र रिचर्डसनकडे आले, आणि माझ्या मते ‘क्लॅरिसा’च्या इतिहासात त्याचे महत्त्व फील्डिंगच्या पत्राहून अधिक आहे. खाली सही होती ‘बेलफोर’. चार खंड वाचलेल्या कोणा बाईने ते लिहिले होते. शेवट भयंकर आहे, त्यात बलात्कार आणि विनाश आहे, असे तिच्या कानी आले होते. तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता आणि बसवूनही घ्यावयाचा नव्हता. लव्हलेसला सुधारा, क्लॅरिसेशी त्याचे लग्न लावा, अशी तिची विनवणी होती. आणि विनवणी न ऐकल्यास ग्रंथकारासाठी काही खास शापही होते. लव्हलेस आपल्याला आवडतो, हेही तिने कबूल करून टाकिले होते.

ही बाई म्हणजे लेडी ब्रॅडशॉ. लँकाशर परगण्यातील विगनजवळच्या एका जुन्या घराण्याची मालकीण, वयाने चाळिशीच्या पुढची, निपुत्रिक. रिचर्डसनने तिला सविस्तर उत्तर पाठविले व आपला नकार कळविला. ती रागावली, पुढील खंड वाचणारच नाही म्हणाली, आणि अर्थात् तिने ते वाचले. १७४९ च्या जानेवारीत तिने त्या वाचनाचे वर्णन करून पाठविले आहे. पुस्तक खाली ठेवावे, पुन्हा उचलावे, खोलीत येरझारा घालाव्या, रडावे, डोळे पुसून तीन ओळी वाचाव्या आणि पुस्तक दूर फेकावे, असा तो क्रम होता. नवरा शेजारी बसून समजूत घालीत होता.

या बाईस भोळी ठरवून तिची थट्टा करण्याची वहिवाट आमच्या धंद्यात आहे. मीही ती केलेली आहे. आज मला ते योग्य वाटत नाही. तिची मागणी चुकीची होती, आणि ती का चुकीची होती हे रिचर्डसनला त्या काळातील पुष्कळांहून अधिक स्पष्ट दिसले होते. स्त्रीवर अत्याचार करणाऱ्याने तिच्याशी लग्न केले म्हणजे झाले गेले भरून निघाले, असे तेव्हाचा समाज मानीत होता. आणि हा समज केवळ इंग्लंडचा किंवा केवळ अठराव्या शतकाचा नव्हे, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. कादंबरीत अत्याचारानंतर लव्हलेस लग्नास तयार होतो, त्याचे प्रतिष्ठित नातलग मध्यस्थी करतात, खुद्द अॅना हाऊ लग्न कर म्हणून सांगते. आणि क्लॅरिसा नको म्हणते. तिच्या त्या एका नकारावर सारा ग्रंथ उभा आहे. सुखाचा शेवट केला असता तर तो नकार गेला असता, आणि सोम्सच्या जागी लव्हलेस बसविण्यापलीकडे काही घडले नसते.

परंतु लेडी ब्रॅडशॉने ही मागणी केली तेव्हा तिच्या हाती चारच खंड होते. त्या चार खंडांत लव्हलेस बोलतो मोठे सुंदर, हसवितो, कधी कधी खरोखरच विरघळल्यासारखा दिसतो. त्याला मोहक कोणी केले? रिचर्डसनने. क्लॅरिसेस ज्या भुलीने फसविले तीच भूल वाचकास पडावी, म्हणूनच तर दोन्ही पत्रे त्याच्यापुढे ठेविली होती. ही युक्ती इतकी साधली की, ग्रंथकारच घाबरला.

मग त्याने जे केले ते मला फार उद्बोधक वाटते. अखेरच्या खंडास त्याने एक उपसंहार जोडिला आणि सुखान्त मागणाऱ्या वाचकांस त्यात उत्तर दिले. अॅडिसनचा आधार घेतला. शेक्सपिअरचा ‘लिअर’ त्या काळी रंगभूमीवर नेहम टेटने १६८१ मध्ये केलेल्या सुखान्त रूपात दाखवीत असत, त्याकडे बोट दाखविले. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. १७४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तळटीपा घातल्या, आणि लव्हलेसवर माया करणाऱ्या वाचकांस त्या टीपांतून जागोजाग बजावले. १७५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत लव्हलेसचा काळा रंग अधिक गडद करणारा मजकूर आला. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी त्याने सर्व पत्रांचा सारांश देणारी एक लांबलचक अनुक्रमणिका छापली. ज्याने वाचकांस आठ महिने टांगून ठेविले होते, त्यानेच आता पहिले पान उघडताच शेवट सांगून टाकिला! वाचक आशा करीत राहिला तर तो चुकीच्या माणसावर प्रेम करील, अशी त्यास भीती पडली होती. कलावंत रिचर्डसन आणि मास्तर रिचर्डसन यांच्यात मास्तराची सरशी झाली. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला त्याची कीव येते, पण क्षमा करवत नाही.

लेडी ब्रॅडशॉ आणि तो यांचे पुढे बारा वर्षे, म्हणजे १७६१ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत, सख्य राहिले. आरंभी ती खरे नाव सांगेना. तेव्हा रिचर्डसनने स्वतःच्या ठेंगण्या, स्थूल आकृतीचे वर्णन करून पाठविले, आणि सेंट जेम्स पार्कमध्ये आपण फिरावयास येतो असे कळविले. ती तेथे जाऊन त्यास दुरून न्याहाळून आली. १७५० मध्ये उभयतांची प्रत्यक्ष भेट झाली. पुढे तिने त्याची तसबीर घरी लावली, पण येणाऱ्याजाणाऱ्यांनी चौकशा करू नयेत म्हणून त्याखालचे नाव बदलून ‘डिकेन्सन’ असे करून घेतले. तिची बहीण लेडी एक्लिन ही तर आणखी पुढे गेली. तिने बसून ‘क्लॅरिसा’चा निराळा शेवट लिहून काढिला. त्यात तो अत्याचार होत नाही, लव्हलेसला पश्चात्ताप होतो. तरी ती दोघे शेवटी मरतातच. मरणावाचून सुटका नाही हे तिलाही टाळता आले नाही. हा तिचा शेवट १९८२ मध्ये छापून प्रसिद्ध झाला आहे.

लेडी ब्रॅडशॉची स्वतःची प्रत आज अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आहे. तिच्या समासांत तिने आपली मते लिहिली आहेत, आणि ती प्रत रिचर्डसनकडे गेली असता त्याने त्याच समासांत उत्तरे लिहिली आहेत. कथा संपून वर्षे लोटली होती, एकही अक्षर आता बदलणार नव्हते, तरी दोघे भांडत आहेत.

आमच्या घरी परवा रात्री आम्ही त्या ठिकाणी येऊन पोहोचलो, जेथे १७४८ च्या एप्रिलातला वाचक येऊन थांबला होता. मातुःश्रींचे मत पहिल्या आठवड्यातच ठरले आहे : मुलीला कोंडले त्याच दिवशी बापाने ती गमावली, पुढचे काय विचारता? सूनबाई अद्याप लव्हलेसविषयी आशा बाळगून आहेत, आणि आमची सौभाग्यवती त्यावरून त्यांच्याशी दोन दिवस नीट बोललेली नाही. पुढील भाग चार दिवसांनी वाचावा, असे दोघींनी मात्र एकमताने ठरविले. मी पुस्तकात खूण घालून ते फडताळात ठेवून दिले. काल सकाळी सहज उघडून पाहतो, तो खूण जागची हललेली होती. जवळजवळ दोनशे पाने पुढे गेली होती. घरात कोणी कबूल होत नाही.