जुन्या येझदीची किंमत

मुंबईच्या उपनगरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला आणि जिन्याखाली, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून असलेल्या मोटारसायकली उजेडात आल्या. राजदूत, बुलेट, जावा, येझदी. घर रिकामे करताना ‘विकायची की ठेवायची’ हा प्रश्न येतोच. हल्ली त्यावर एक ठरलेले उत्तर मिळते: ‘ठेवा, ही गुंतवणूक आहे.’ हे उत्तर इतिहासाशी ताडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. माझ्यासमोरचे उदाहरण मुलुंडच्या आमच्याच घरातले आहे: वडिलांची १९७४ सालची येझदी.

या गाडीचे मूळ घराणे प्रागचे. १९२९ साली फ्रान्तिशेक यानेचेक यांनी जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईत या गाड्या आणून विकणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला कारखाना काढला. ‘आयडियल जावा’चे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले आणि १९७३ पासून गाडीवर ‘येझदी’ हे नाव आले. दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक इंजिन आणि किक मारायला व गिअर बदलायला एकच दांडा, ही तिची ओळख.

परवाना राजवटीत कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत आणि नंबर लागलेली गाडी ‘ऑन’ घेऊन विकत. म्हणजे दुचाकीला छापील किमतीहून जास्त भाव मिळण्याचा अनुभव आपल्याकडे जुनाच. तो भाव टंचाईचा होता, यंत्राचा नव्हे.

टंचाई संपली तसा तो भावही संपला. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि मध्यमवर्ग ‘ॲव्हरेज’ विचारू लागला. भरपूर पेट्रोल पिणारी, धूर सोडणारी २५० सीसीची येझदी मागे पडली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. त्या सुमारास अशा गाड्या भंगारात वजनावर गेल्या, त्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात विखुरले. याच काळात, एप्रिल १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत, भविष्य निर्वाह निधीच्या पीपीएफ खात्यावर १२ टक्के व्याज मिळत होते. त्या दराने १०,००० रुपयांचे १४ वर्षांत सुमारे ४९,००० झाले असते. ‘तेव्हापासून सांभाळली म्हणून फायदा झाला’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

भाव पुन्हा चढला तो आठवणींमुळे. २००३ पासून जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावाप्रेमी आपापल्या शहरांत एकत्र येऊ लागले. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परतले, २०२२ मध्ये येझदीही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ मानले. त्याचबरोबर अशी नोंदणी झालेले वाहन नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई केली. वारसा म्हणून मान मिळतो, त्याच क्षणी गाडीचे रोजचे काम सुटते.

आणि ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय? वडिलांनी ही गाडी एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाण्यासाठी घेतली. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची घातली, डबा अडकवायला हुक लावला, टाकी दोनदा रंगवली. संग्राहकाच्या लेखी हे सगळे वजावटीत जाते. आमच्या लेखी तोच त्या गाडीचा इतिहास आहे.

आयकर कायद्याने हा भेद केव्हाच ओळखला होता. १९६१ च्या कायद्यातील कलम २(१४) नुसार दागिने, चित्रे, शिल्पे ही भांडवली मत्ता. स्वतःच्या वापरातली मोटारसायकल मात्र नव्हे.

दादा म्हणतो, पाच वर्षे थांबू, दुप्पट होईल. मला तसे वाटत नाही. येझदीवर ज्यांचे तारुण्य गेले ते आज साठी-सत्तरीत आहेत. भाव देणारा हा वर्ग वाढणारा नाही. शिवाय भाड्याच्या घरात पार्किंग नाही, मुंबईची दमट हवा पत्रा खाते, वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल कार्बोरेटरमधल्या जुन्या रबराला मानवत नाही. उभी ठेवलेली गाडी दर पावसाळ्यात थोडी कमी होते.

म्हणून मी विकण्याच्या बाजूने मत दिले आणि दादाने, थोडे रुसून, मानले. जास्त बोली लावणाऱ्याला ती दुकानात काचेमागे ठेवायची होती. आम्ही ती घाटकोपरच्या एका मेकॅनिकला कमी पैशांत दिली. तो ती सुटीच्या दिवशी चालवणार आहे. अट एकच घातली: फॉर्म २९ आणि ३० भरून वडाळ्याच्या आरटीओत गाडी त्याच्या नावावर झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. वडिलांचे नाव कागदावरून रीतसर उतरावे, एवढे तरी आपल्या हातात असते.